लहानूकाकांचा जपानी वाकस

मी कमी बोलतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमचे तीन कप चहा होतात तेव्हा माझं एक वाक्य होतं. त्यामुळं तुम्हाला वाटत असेल, हा काय गाढवपणा करणार? गाढवपणा करायला आधी तोंड उघडावं लागतं. तर एकदा उघडलं होतं. चांगलं आ करून उघडलं होतं. आणि कुठं, तर जिथं माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं त्याच घराच्या अंगणात, पंधरा-वीस माणसांच्या देखत. चहा ओता, सांगतो.

आधी थोडं मागचं. मी पोशेऱ्याचा, जव्हारकडच्या डोंगरातल्या गावचा. आठवीत शाळा सोडली. गणिताचं आणि माझं पटेना, दोघांपैकी एकानं जायला हवं होतं, मी गेलो. मामानं मला भिवंडीला नेलं आणि एका फर्निचरच्या कारखान्यात चिकटवलं. तिथं मोठा मिस्त्री होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. उत्तरेकडचा म्हातारा. त्याला दोनच गोष्टींचा राग यायचा. एक ओलं लाकूड, आणि दुसरा म्हणजे हत्यार कुठल्या देशाचं आहे ते न बघता हातात घेणारा माणूस.

"लोहा जर्मनी का, धार जापान की," तो म्हणायचा, "और चाइना का सिर्फ़ डिब्बा अच्छा।"

माझ्यासारख्या मुलाला हे ऐकून काय झालं असेल? शाळेत भूगोल कधी डोक्यात शिरला नाही, तो कारखान्यात शिरला. जपान कुठं आहे ते मला नकाशात दाखवता येणार नाही, पण जपानी करवत मी अंधारात ओळखीन. ती ओढताना कापते, ढकलताना नाही. पातं कागदासारखं. उस्ताद सांगायचा, ढकलायला ताकद लागते, ओढायला अक्कल लागते.

पगारातून मी एकेक हत्यार जमवत गेलो. माझ्या पिशवीत हळूहळू पाच-सहा देश झाले. जर्मनीचा पेचकस, तो स्क्रूच्या खाचेत असा बसतो की जणू दोघं एकाच घरात वाढलेत. इंग्लंडचा जुना रंधा, भंगारवाल्याकडून आणलेला. म्हाताऱ्या माणसासारखा सकाळी कुरकुरतो, पण एकदा लागला की लाकूड आरशासारखं करतो. तैवानचे दोन क्लॅम्प. तैवान म्हणजे चायनाचा शाळा शिकलेला भाऊ. आणि खुद्द चायनाची टेप. ती एकदा बाहेर आली की पाहुण्यासारखी, परत जायचं नावच घेत नाही.

आपल्या देशातलं काय होतं? एक हातोडा. त्याचा दांडा पहिल्याच ठोक्याला उडून शेजारच्या माणसाच्या डब्यात पडला होता. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं.

मी बोलायचो ते फक्त या विषयावर. बाकी सगळीकडं माझी मान खाली. दुकानात गेलो तर दुकानदार दोनदा "काय पाहिजे" विचारतो आणि मग स्वतःच अंदाजानं काहीतरी देतो. पण हत्याराचं नाव काढा, मग मला थांबवायला उस्तादच लागायचा.

तर अशा मुलाचं लग्न जमवायचं काम माझ्या मामावर आलं. त्याच मामावर, ज्यानं मला भिवंडीला नेलं होतं. मी सुट्टीवर गावी आलो होतो, आणि दोन ठिकाणी जाऊनही आलो होतो. पहिल्या घरी मुलीच्या वडलांनी विचारलं, "काय काम करता?" मी उत्तर जुळवत होतो तोवर पोहे आले, पोहे संपले, आणि आम्ही निघालो. दुसऱ्या घरी मुलीनं हळूच आपल्या आईला विचारलं, "ह्याला ऐकू येतं ना?" ते मला ऐकू आलं.

मामा वैतागला होता. मग एक दिवस हसत हसतच घरी आला.

"जमलं," तो आईला म्हणाला. "खोडाळ्याच्या पलीकडं एक पाडा हाय. लहानू नावाचा माणूस. पोरगी बारावी झालीय, मंजुळा नाव. मी बोललो त्याच्याशी."

"ह्यो तिथं जाऊन काय बोलणार?" आईनं विचारलं.

"तेच तर. बोलायचं नाय. लहानूच्या घराचं नवं छप्पर हाय. रविवारी गाव मदतीला येणार. तो म्हणाला, पोराला कामाला पाठवा. तोंड बघून काय करायचं, आम्ही हात बघू."

आईनं देवाकडं बघून हात जोडले. असा सासरा मागून मिळत नाही.

तुम्ही शहरातले असाल तर सांगून ठेवतो. आमच्याकडं घराचं छप्पर घालायचं तर मजूर लावत नाहीत. घरटी एक माणूस येतो, आपलं हत्यार घेऊन. दिवसभर राबतो, दुपारी जेवतो, आणि उद्या त्याच्याकडं काम निघालं की आपण जायचं. पावसाच्या आधी, वैशाखात, आमच्या डोंगरात हेच चालतं.

"मान खाली, काम चालू," मामानं एसटीत मला बजावलं. "विचारलं तर हो किंवा नाय. तिसरा शब्द काढलास तर मी ओळखत नाय तुला."

मी मान हलवली.

"आणि हां," मामा जरा खाकरला. "मी लहानूला थोडं वाढवून सांगितलंय. आता शाळा आठवी, बोलणं बंद, मग सांगायचं तरी काय? म्हणून म्हटलं, आमचा भाचा डोळे मिटून हत्यार हातात घेतो आणि देश सांगतो."

तेव्हाच मी एसटीतून उतरायला हवं होतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं.

खोडाळ्याला उतरून आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा काम सुरू झालं होतं. जुनं छप्पर उतरलेलं, खांब उघडे, अंगणात वाशांचा ढीग. लहानूकाका पुढं आले. बुटके, डोक्याला पंचा, मिशीत हसणारे. माझ्या पिशवीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं बघितलंच नाही. मला माणूस आवडला.

"हा खाली ठेवलाय त्या मधल्या खांबाच्या डोक्यावर खाच पाडायची," ते म्हणाले. "तिच्यात आढं बसणार. ऐनाचं लाकूड हाय. जमंल?"

"हो," मी म्हणालो. एक शब्द झाला.

पण ऐनाचं लाकूड म्हणजे दगडाचा चुलतभाऊ. कारखान्यात आम्ही प्लायवूड कापणारी माणसं, आणि तेही मशीनवर. माझ्या पिशवीतले सगळे देश त्या खांबापुढं बिचारे वाटायला लागले. जपानी करवतीनं दोन बाजूंचा काप घेतला, पण मधलं लाकूड तासून काढायचं कशानं? लहानूकाकांनी न बोलता आपला वाकस माझ्या हातात दिला. वाकस माहीत आहे ना? छोट्या कुदळीसारखं आडवं पातं असतं, त्यानं लाकूड तासतात.

मी पहिला घाव घातला आणि थांबलो.

ढलपी निघाली होती ती दुधाच्या सायीसारखी. दुसरा घाव घातला, तसाच. ऐनाचं लाकूड, आणि हे पातं असं चाललं होतं जणू काकडी सोलतोय. अर्धा तास मी घाव घालत राहिलो, आणि अंगठा लावून बघितलं तर धार जशीच्या तशी. पात्याला टिचकी मारली. देवळातल्या घंटेचा आवाज आला. मग मी ते उन्हात धरून उलटं-सुलटं केलं, आणि मागच्या बाजूला, दांड्याजवळ, मला शिक्का दिसला. दोन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी एक उभी, आणि खाली एक टिंब. ठोकून उमटवलेला.

उस्ताद म्हणायचा, जपानमध्ये चांगला लोहार आपल्या हत्यारावर स्वतःचा शिक्का मारतो. असला शिक्का त्यानं मला मोबाईलवर फोटोत दाखवला होता. आता तो खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर, माझ्या हातात होता.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण लहानूकाका जवळ आले.

"काय झालं? मोडला का?"

"नाही काका. हा… हा कुठून आणलात?"

मामानं लांबून खोकून बघितलं. मी सहा-सात शब्द बोललो होतो.

लहानूकाकांनी आजूबाजूला नजर टाकली. मिशी हलली. "तुला देश समजतात म्हणं. तूच सांग."

काम थांबलं. वर आडव्या तुळयांवर बसलेली माणसं खाली बघायला लागली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जपान."

कोणी काही बोललं नाही. पूर्ण शांतता. ती शांतता आठवली की आजही माझे कान तापतात. मला वाटलं, गाव भारावून गेलं.

"नक्की का?" लहानूकाकांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"शंभर टक्के. हा शिक्का बघा. ही जपानी लोहाराची सही असते. आणि हे पाणी बघा पात्याचं. काका, हे जपून ठेवा. असल्या हत्यारानं खांब तासत नाहीत, हे काचेच्या कपाटात ठेवतात."

"आरं देवा," एक जण म्हणाला. "आन् आपण त्यानं शेण्या फोडतो."

अंगणाच्या कडेला फणसाखाली एक म्हातारा दोर वळत बसला होता. नवसूबाबा म्हणत होते त्याला सगळे. हाडकुळा, दंड मात्र वेलीच्या मुळासारखे पिळदार. तो दोर वळायचा थांबला आणि म्हणाला, "लहानू, ह्या पोराला घरातली बाकीची हत्यारंबी दाखव. आपल्यालाबी समजू दे, आपल्या घरात कुठं कुठंची पाव्हणी राहतात ती."

झालं. मला तेवढंच हवं होतं.

घरातून पहार आली. मी ती दगडावर आपटली, टोक बघितलं, वजन तोललं. "जर्मनी," मी म्हणालो. "हे लोखंड वाकणार नाही. जर्मन माणूस हत्यार बनवतो ते नातवासाठी."

"जर्मनी," लोक एकमेकांना सांगायला लागले.

मग आतून कोणीतरी भात कापायचा विळा आणून माझ्यासमोर धरला. मी तो घेतला, दाते मोजले, मुठीत फिरवला. "तैवान. काम सुबक आहे, पण जर्मनीची खोली नाही." तोवर शेजाऱ्यांनी पण आपापली हत्यारं आणायला सुरुवात केली होती. रांग लागली म्हणा ना. कुऱ्हाड आली, ती जर्मनी. एक छोटी कोयती आली, तीही जपान. "छान," मी तिच्याकडं बघत म्हणालो. "फार छान." शेजारच्या शिवरामनं आपला कोयता दिला. मी तो एकदाच बांबूवर मारला आणि परत केला.

"हा चायना. फेकून द्या."

शिवराम हिरमुसला. "चायना? तरीच मी म्हणतो, बांबू दोन घावात का तुटत नाय."

मामा एव्हाना घराच्या मागं गेला होता. तो काही कामासाठी गेला नव्हता.

आणि मी? आठवीपासून साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडत होतं. मी दुसऱ्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि शेवटचा घाव घातला. स्वतःच्याच पायावर.

"आपल्याकडं हे का होत नाही, सांगू का?" मी म्हणालो. कोणी सांग म्हटलं नव्हतं. "आपले लोहार मेहनत करतात, पण त्यांना पाणी देता येत नाही. लोखंड लाल झालं की बुडवलं, संपलं. शास्त्र नाही त्यात. असा वाकस आपल्या लोहाराला सात जन्मांत जमणार नाही."

नवसूबाबा उठला. सावकाश चालत आला, लहानूकाकांचा वाकस माझ्या हातातून घेतला, आणि अगदी शिकायला आल्यासारखं विचारलं, "मंग त्या जपानवाल्यानं ह्याला पाणी कसं दिलं असंल?"

"त्यांचं खास तेल असतं, बाबा," मी समजावून सांगितलं. "मशीनवर गरमी मोजतात. एक डिग्री इकडं-तिकडं चालत नाही."

"असं?" म्हातारा म्हणाला. "मी तं म्हशीच्या पाण्याच्या डोणीत बुडवला होता."

मला आधी कळलंच नाही. मी त्याच्याकडं बघत होतो, मग लहानूकाकांकडं, मग तुळयांवरच्या माणसांकडं. ती सगळी तोंडात पंचे कोंबून बसली होती. आणि मग एकाचा पंचा सुटला. तुम्ही कधी वीस माणसांना उघड्या तुळयांवर बसून हसताना ऐकलंय? एक जण तर तुळईला मिठी मारून हसत होता, खाली पडू नये म्हणून.

"लोखंड जव्हारच्या घाटातलं हाय," नवसूबाबा सांगत होता. "एक ट्रक कोसळला होता, त्याच्या चाकावरचा पाटा. पहारबी त्याचीच. कुऱ्हाडबी."

"पण… पण तो शिक्का?" मी विचारलं. बुडत्याला काडीचा आधार.

लहानूकाका डोळे पुसत म्हणाले, "आरं बाबा, ती माझ्या घराची खूण. पंधरा घरची हत्यारं एका जागी येतात, संध्याकाळी कोणाचं कुठलं ते कळाया नको? परत्येक घराची निराळी खूण असती. तुमच्या पोशेऱ्यात नसती का?"

असते. आमच्या घरच्या प्रत्येक हत्यारावर तीन टिंबं आहेत. रांगत होतो तेव्हापासून बघतोय. बापानं छिन्नीनं ठोकताना मीच कुऱ्हाड धरली होती. पण माझ्या डोक्यात त्या वेळी जपान होतं, तिथं पोशेऱ्याला जागा कुठली?

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. धरणीनंही बहुतेक हसून घेतलं असेल, कारण ती काही दुभंगली नाही. मी पिशवी उचलली. लग्न गेलं, मामा गेला, निदान करवत तरी घेऊन जाऊ.

"ए पोरा, थांब," नवसूबाबा म्हणाला. त्यानं शिवरामचा कोयता उचलला होता. हसत नव्हता. "जपान, जर्मनी म्हणालास, ते आमचं नशीब. पण ह्याला चायना का म्हणालास?"

मी मान खाली घालून पुटपुटलो, "पातं नरम आहे बाबा. एका बाजूला जास्त तापलंय. ठोके पण सारखे नाहीत, घाईत मारलेत. तुमच्या… म्हणजे बाकीच्या हत्यारांसारखा हात नाही."

म्हाताऱ्यानं कोयता उन्हात धरला, बराच वेळ बघितला. मग शिवरामकडं न बघता म्हणाला, "खरं हाय. तवा मला हिवताप होता. जावयानं केला. मी कोणाला बोललो नाय, नवसूच्या हातचा म्हणून देऊन टाकला."

हशा थांबला. सगळ्या माना म्हाताऱ्याकडं वळल्या.

"म्हंजे बाबा," शिवराम म्हणाला, "इतकी वर्सं मी जावयाच्या कोयत्यानं बांबू तोडतोय?"

"दुसरा करून देतो ना. वरडतो कशाला?"

मग वरची माणसं नवसूबाबाला चिडवायला लागली, आणि मला जरा उसंत मिळाली. मी खांबाकडं परत गेलो, वाकस उचलला, आणि खाच पुरी केली. त्यानंतर दिवसभर मी एक शब्द बोललो नाही. दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण होतं, ते कुणी वाढलं, कधी खाल्लं, मला आठवत नाही. संध्याकाळी खांब उभा राहिला, आढं चढलं. चार जणांनी ते माझ्या खाचेत उतरवलं आणि ते पाचर न मारता बसलं. लहानूकाकांनी खाचेवर हात फिरवला, माझ्याकडं बघितलं, आणि काहीच बोलले नाहीत. ना हो, ना नाही.

परतीच्या एसटीत मामा माझ्यापासून दोन सीट लांब बसला.

घरी आई ओट्यावरच वाट बघत होती. मामा सरळ आत गेला आणि तांब्याभर पाणी प्यायला. आईनं मला विचारलं, "कशी हाय रं पोरगी?"

मी बोलायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

कशी आहे? मला त्या घरातल्या पहारीचं टोक आठवत होतं. विळ्याचे दाते आठवत होते. कुऱ्हाडीच्या दांड्याला सागाचं लाकूड होतं आणि जरा वरच्या बाजूला एक गाठ होती, तेही आठवत होतं. पण मुलगी?

"उंच हाय का बुटकी?" आईनं विचारलं.

"मध्यम," मी म्हणालो.

"गोरी का सावळी?"

"चांगली आहे."

"चांगली म्हंजे कशी?"

"मजबूत," मी म्हणालो. दुसरा शब्द आलाच नाही हो.

आईनं मामाकडं बघितलं. मामानं तांब्या परत भरला.

आठ दिवस निरोप नाही. त्या आठ दिवसांत मी काय काय ठरवलं, विचारू नका. सुट्टी अर्धी टाकून भिवंडीला परत जायचं. लग्न करायचं नाही. हत्यारं विकायची. एकदा तर पिशवी घेऊन निघालोही होतो, पण वाटेत जपानी करवत काढून बघितली आणि परत आलो.

नवव्या दिवशी लहानूकाकांचा मामाला फोन आला. मामा अंगणात उभा राहून बोलत होता. "हां… हां… असं म्हणतो का म्हातारा?" मग माझ्याकडं बघून त्यानं फोनवर हात ठेवला. "नवसूबाबानं लहानूला सांगितलंय, पोराचं डोकं फिरलेलं हाय पण हात खोटं बोलत नाय. त्यांच्या बाजूनं हो हाय. आता विचारतायत, तुला पोरगी पसंत हाय का."

हो म्हटलं की संपलं होतं. एवढा एक शब्द, आणि तो माझा आवडता शब्द. पण मला खोटं बोलता येत नाही. गणिताच्या सरांशीही कधी खोटं बोललो नाही, म्हणूनच शाळा सुटली.

"तिच्याशीच बोलतो," मी म्हणालो.

मामाला वाटलं, भाचा सुधारला. त्यानं आनंदानं फोन दिला. पलीकडं थोडी कुजबुज झाली, आणि मग एक आवाज आला. शांत, जरा घोगरा.

"बोला."

"मी… एक खरं सांगू का?" मी म्हणालो. "त्या दिवशी मी तुम्हाला बघितलंच नाही."

मी डोळे मिटून घेतले.

"मी तुमच्यासमोर पाच वेळा आले," ती म्हणाली. "पाणी दिलं, चहा दिला. जेवायला वाढलं. विळा मीच आणून दिला. आणि ती कोयतीपण माझ्याच हातात होती. तुम्ही तिच्याकडं बघून छान म्हणालात. छान, फार छान, असं दोनदा. माझ्या मैत्रिणी अजून मला त्या कोयतीच्या नावानं हाक मारतात."

"माफ करा," मी म्हणालो.

"माफ कशाला? खरं बोललात ते बरं झालं. मी बाबांना हो म्हटलंय, ते शिवरामच्या त्या कोयत्यासाठी. अख्ख्या गावासमोर नवसूबाबाच्या हातचं हत्यार वाईट म्हणायला कोणी धजावलं नसतं. पण तुम्ही बघितलं नाही तर मग तुमचं हो मी कशाला धरू? परत या. आणि या वेळी पिशवी घरी ठेवून या."

गेलो. पुढच्याच रविवारी. पिशवी आईनं स्वतःच्या हातानं पेटीत ठेवून कुलूप लावलं. एसटीत मी आणि मामा एकाच सीटवर होतो. वाटेत मामानं मला चार वाक्यं पाठ करून दिली. कशा आहात. घरचे कसे आहेत. तुमच्याबद्दल ऐकून बरं वाटलं. चौथं काय होतं ते खोडाळ्यालाच विसरलो.

लहानूकाकांचं नवं छप्पर झालं होतं, वर कौलं चढली होती. मी वर बघितलं नाही. आढ्याकडं बघितलं नाही, खाचेकडं बघितलं नाही. दाराशी पहार टेकून ठेवली होती, तिच्याकडं पाठ केली. नवसूबाबा ओट्यावर बसला होता, त्याला नमस्कार केला. आणि मग ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

मी वर बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. सावळी, माझ्यापेक्षा बोटभर कमी उंच, एका भुवईत लहानपणीचा व्रण, आणि हसू दाबल्यामुळं गालाला पडलेली खळी. मी बघतच राहिलो. पाठ केलेलं पहिलं वाक्य गेलं, त्याच्या मागून दुसरं गेलं, तिसरंही निघून गेलं. लहानूकाका थांबले होते, तिची आई दारात थांबली होती, मामानं डोळे मिटले होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि डोक्यात जे कायम तयार असतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

तिच्याच पाड्यावर, तिच्याच बापाच्या ओट्यावर उभा राहून मी तिला विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

ओट्यावर कोणी हसलं नाही. हसायलाही दम लागतो, तो कोणात उरला नव्हता. एकटी तीच तेवढी हसली.

"इथलीच आहे," ती म्हणाली. "नेणार असाल तर सांगा."

मी मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, त्यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मंजुळा म्हणते आडवी हलवली होती, तिनंच ती हो म्हणून धरली.